कपाटातलं देवघर

आमचा देव कपाटात राहायचा. बसवनगुडीतल्या त्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, आतल्या खोलीच्या भिंतीत बसवलेलं एक लाकडी कपाट होतं. त्याला पितळी कडी आणि चिमुकलं कुलूप. घर बघायला गेलो त्या दिवशी मालकीणबाई सरोजम्मांनी कन्नडमधून विचारलं, तुम्ही मराठे का? बाबा म्हणाले, होय, बेळगावकडचे. खोटं नव्हतं ते. बेळगावकडचे होतो, घरात मराठी बोलत होतो, आडनावही तसंच होतं. मग त्यांनी विचारलं, देवघर कुठं मांडणार? आम्ही ख्रिस्ती आहोत हे सांगायची वेळ ती होती. बाबांनी कपाटाकडं बोट केलं. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण त्याआधी आम्ही किती तरी घरं बघितली होती आणि 'ख्रिस्ती' म्हटलं की दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, आमचा मुलगा येणार आहे राहायला. त्या काळात बेंगळुरातल्या सगळ्या घरमालकांचे मुलगे एकदमच घरी यायला निघाले होते की काय कोण जाणे.

तर कपाटात पवित्र शास्त्र, गाण्यांची चार पुस्तकं आणि आजोबांचा एक लाकडी क्रूस. किल्ली आईच्या कमरेला. संध्याकाळी सातला आमची कौटुंबिक प्रार्थना व्हायची. बाबा आधी रेडिओ लावायचे, कन्नड बातम्या, आवाज चांगला मोठा. मग कपाट उघडायचं आणि चौघांनी डोकी जवळ आणून कुजबुजायचं. गाणं तर नुसतं ओठांनीच. माझी मोठी बहीण, आमची अक्का, म्हणायची, "देवाला एव्हाना बातम्या पाठ झाल्या असतील गं." घरात मांसमच्छी नको अशी सरोजम्मांची अट होती. पण अंड्यावाचून बाबांना चैन पडायचं नाही. आई अंडी उकडताना उदबत्ती लावायची, आणि टरफलं कागदात गुंडाळून माझ्या दप्तरात. शाळेच्या वाटेवर कुठंतरी टाकून द्यायची. दहावीच्या त्या वर्षात मी भूगोलाच्या वहीपेक्षा टरफलंच जास्त वाहिली असतील.

दर शुक्रवारी सरोजम्मा वाटीभर फुलं घेऊन यायच्या, शेवंती, अबोली, कधी दोन जास्वंदी. "देवरिगे," म्हणायच्या, देवासाठी. आई दोन्ही हातांनी घ्यायची आणि कपाटासमोर पाण्यात ठेवायची. सरोजम्मा तिच्या कपाळाला कुंकू लावायच्या तेव्हा आई हसून मान पुढं करायची, आत येऊन ओल्या पदरानं पुसून टाकायची, आणि पुसताना आरशात बघायची नाही. अक्काचं नाव रूथ. पण ती टायपिस्ट म्हणून कामाला लागली त्या ऑफिसात सगळे तिला रुता म्हणत, आणि ते नाव तिनंच सांगितलं होतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. असं आमचं घर. चोरी कुणाची केली नव्हती, पण चोरासारखे राहत होतो.

आणि खरी पंचाईत अशी की मला सरोजम्मा फार आवडायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. शाळेतून आले की मला पायरीवर बसवून फेसाळ कॉफी द्यायच्या, "स्वल्प कुडी," म्हणजे घे थोडी, आणि लगेच दुसरा पेला. रांगोळीचे ठिपके मी त्यांच्याकडून शिकले, कन्नडसुद्धा. एक दिवस आम्ही दोघी फाटकाशी उभ्या होतो. कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी बाई समोरून गेली. तिच्या दारावर क्रूस होता, सगळ्या गल्लीला माहीत होतं. सरोजम्मा हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्या घरी जात नाहीस ना? क्रिश्चन्रु ते. काही दिलं तर खाऊ नकोस हं." राग नव्हता त्यात, लहान मुलाला पाण्यात जाऊ नको म्हणावं तितकंच साधं बोलणं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण मी तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "छी! मी कशाला जाते?" म्हातारीनं मागं वळून बघितलं. तिला ऐकू गेलं का नाही, देव जाणे. ती छी मी आजवर कुणापाशी बोलले नाही, इथंच पहिल्यांदा लिहितेय.

त्याच रविवारी तो उपदेश झाला. एका कन्नड ख्रिस्ती मंडळीनं आपल्या दगडी चर्चमध्ये आम्हा मराठी लोकांना सकाळी साडेसातची वेळ दिली होती. साडेनवाला त्यांची उपासना, त्याआधी आम्ही बाहेर. जेमतेम तीस-पस्तीस माणसं. आमचा बाक तिसरा. पाळकसाहेब कोल्हापूरकडचे, तरुण, अंगानं किडकिडीत, लग्न व्हायचं होतं. ते ओरडत नसत. ओरडणाऱ्या पाळकाची मला कधी भीती वाटली नाही, तो सगळ्यांवरच ओरडतो. हे मात्र हळू बोलायचे आणि मध्येच थांबायचे, आणि ते थांबले की मी बाकाची कड धरून बसायची. त्या दिवशी विषय होता येशूच्या त्या शिष्याचा, जो शेकोटीपाशी हात शेकत बसला आणि विचारणाऱ्या बाईला म्हणाला, मी नाही ओळखत त्या माणसाला, आणि तेवढ्यात कोंबडा आरवला. ही गोष्ट मी मुलांच्या रविवारच्या शब्बाथशाळेत शंभर वेळा ऐकली होती, म्हणून निवांत होते. तेवढ्यात पाळकसाहेब थांबले, मान वर केली आणि म्हणाले, "तू कशाला त्या शिष्याला हसतोस? तुझा देव कुठं आहे? कपाटात ठेवलास ना? कुलूप लावलंस? कुणी विचारलं, आत काय आहे, तर काय सांगितलंस?"

मी मागं वळून बघितलं, दुसरं कुणी असेल म्हणून. मागच्या बाकावर एक कंपाउंडर काका पेंगत होते, त्यांच्यामागं रिकामे बाक आणि भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. पुन्हा पुढं बघितलं तर पाळकसाहेबांची नजर सरळ आमच्या बाकावर. आईचा हात कमरेच्या किल्लीवर गेलेला मी बघितला. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अक्का पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं. पुढचं मला काही ऐकू आलं नाही. मला वाटत होतं, आता हे म्हणणार, छी कोण म्हणालं? आणि सगळी मंडळी माझ्याकडं वळून बघणार. शेवटी त्यांनी सांगितलं की या आठवड्यापासून ते घरभेटी सुरू करणार आहेत, आणि गुरुवारी संध्याकाळी पहिली भेट आमच्या घरी. पाळकांची घरभेट म्हणजे काय हे आमच्या लोकांना सांगायला नको. पांढरी कॉलर घालून यायचं, दारातच मोठ्यानं आमचं ख्रिस्ती "सलाम!" म्हणायचं, सगळ्यांनी मोकळ्या गळ्यानं गाणं म्हणायचं आणि मग घराला आशीर्वाद द्यायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असा.

दुपारी जोंधळ्याची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं होती, पण कुणाचा हात चालत नव्हता. बाबांनी पहिला घास तसाच ठेवला आणि विचारलं, "कोणी सांगितलं पाळकांना?"

"काय?" आई म्हणाली.

"कपाटाचं. घर घेताना मी जे केलं ते."

"माझ्याकडं काय बघताय? मला बोलले की ते! कुंकवाचं तुम्हीच सांगितलं असणार."

"कुंकवाचं? कुंकवाचं कुठं नाव काढलं त्यांनी?"

"लेकी बोले सुने लागे. मला कळतंय की. आत काय आहे विचारल्यावर काय सांगितलंस, म्हणाले. मी फुलं घेऊन ठेवते ना तिथं, दर शुक्रवारी."

तेवढ्यात अक्का फणकारली, "माझ्या ऑफिसातलं बाहेर कसं गेलं ते सांगा आधी. शेकोटीपाशी त्यानं आपण कोण ते लपवलं, ते माझ्या नावावरूनच होतं." मग आम्हाला रुता कळली. आई कपाळाला हात लावून बसली. बाबांनी ताट सरकवलं. तिघं एकमेकांकडं असे बघत होते की प्रत्येकाला वाटावं, फितूर समोरच बसलाय. शेवटी आईच म्हणाली, "खाई त्याला खवखवे. गप जेवा आता." माझं कुणी नाव घेतलं नाही. एक क्षण मला हायसं वाटलं. मग ध्यानात आलं, घरातल्या कुणालाच छी माहीत नाही. मग पाळकांच्या डोळ्यांना कशी दिसली? आणि मी त्या ताटावरच रडायला लागले. आईला वाटलं, चटणी तिखट लागली.

आता मी मुलाकडं इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते, अकराव्या मजल्यावर. गुडघ्यांमुळं चर्च होत नाही, तर रविवारी टीव्हीवर उपासना लावून देतात. उपदेशक बोट दाखवून 'तू' म्हणाला की मी अजून पदर सावरते. सून हसते, "मम्मी, रेकॉर्डेड आहे ते, त्याला तुम्ही दिसत नाही." मी म्हणते, असू दे गं बाई. तुझ्या जन्माआधी मला एकानं न बघता बघितलं होतं.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी कोंबडा पाळला होता. एरवी मी त्याच्या आरवण्यानं उठायची सुद्धा नाही. त्या आठवड्यात तो आरवायच्या आधीच मला जाग यायची आणि मी कानात बोटं घालून पडून राहायची. सरोजम्मांनी कॉफी दिली की पेला तसाच हातात धरून बसायची. त्या विचारायच्या, "काय होतंय गं तुला? दृष्ट लागली का?" आणि मीठ-मिरच्या ओवाळायला उठायच्या, तर मला अजून रडू यायचं. या बाईला गुरुवारी कळणार. घर जाईल, बाबा पुन्हा दारोदार फिरतील, ते एक झालंच. पण ही पायरी आणि हा पेला मला परत मिळणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती. इतकी मोठी की देवाची भीती तिच्यापुढं लहान वाटायची, आणि मग त्याचीच भीती वाटायची.

बुधवारी बाबांनी मला बाजूला घेतलं. "उद्या तू बसस्टॉपवर जा. पाळकसाहेब उतरले की सांग, आईला ताप आहे, पुढच्या महिन्यात या." माझ्याकडं बघत नव्हते ते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. मी म्हटलं, "बाबा, पाळकांना खोटं सांगू?" ते म्हणाले, "मग तू सांग, दुसरं काय करू?" आणि खरंच विचारल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

गुरुवारी साडेपाचपासून मी स्टॉपवर उभी होते. दोन बसेस गेल्या. तिसरीतून पाळकसाहेब उतरले, तर मी त्यांना आधी ओळखलंच नाही. कॉलर नव्हती. साधा निळा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. मी पाठ करून आलेलं वाक्य सुरू केलं, "सलाम पाळकसाहेब, आईला..." आणि पुढचा शब्द काही केल्या येईना. त्याऐवजी तोंडातून निघालं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय कोणी सांगितलं?"

"आमच्या कपाटाचं. आणि... माझं."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग स्टॉपमागच्या कट्ट्यावर बसले, मलाही बसायला सांगितलं आणि पिशवीतून एक रुमाल काढला. रुमालात त्यांची कॉलर होती, इस्त्री केलेली, घडी न मोडता ठेवलेली. म्हणाले, "जयनगरात मी खोली घेतलीय. मालकांना सांगितलंय, छापखान्यात कारकून आहे. झगा, कॉलर, सगळं कपाटात कुलपात ठेवतो. चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन घालतो. उपदेशाच्या आधीच्या मंगळवारी मालकांच्या आईनं विचारलं, कपाटात एवढं काय जपतोस रे? मी म्हटलं, जुने कपडे." त्यांनी रुमालाची घडी पुन्हा सारखी केली. "तो उपदेश मी मला लिहिला होता, बाळ. समोर बघायची लाज वाटत होती, म्हणून तुमच्या मागच्या त्या बंद घड्याळाकडं बघून बोललो. उपासना सुटल्यावर चौघं जण येऊन मला विचारून गेले, आमच्या घरातलं तुम्हाला कोणी सांगितलं म्हणून. तू पाचवी."

मंडळीतली निम्मी माणसं भाड्याच्या घरात राहत होती, हे मला त्या कट्ट्यावर पहिल्यांदा सुचलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तर त्या दिवशी त्या दगडी चर्चमध्ये बाकाबाकावर चांदणं पडलं असणार. मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कुणी चुगली केली असती तर त्या माणसावर रागावता आलं असतं, बाबांसारखं 'कोणी सांगितलं' म्हणून हिंडता आलं असतं. कुणीच सांगितलं नव्हतं. एका घाबरलेल्या माणसानं स्वतःला चार शब्द सुनावले आणि ते मला जसेच्या तसे लागले. मग ते शब्द आले कुठून? मी विचारलं नाही. इतकी वर्षं झाली, अजून मी ते कुणाला विचारायला धजत नाही.

पाळकसाहेब उठले. "आईला ताप आहे, असं सांगायला आली होतीस ना? राहू दे ते. मीच आलो नाही असं समज." आणि ते परतीच्या बसच्या बाजूला जायला वळले, तोच समोर सरोजम्मा. हातात भाजीची पिशवी, वरून कोथिंबीर लोंबत होती. मला बघून त्यांचा चेहरा फुलला, मग त्यांनी पाळकांकडं बघितलं.

"यारम्मा इवरु?" कोण गं हे?

पाळकसाहेबांनी चटकन रुमाल पिशवीत कोंबला. तोंड उघडलं. ते काय सांगणार हे मला कळलं, ओळखीचा आहे, छापखान्यातला. ते फक्त माझ्यासाठी खोटं बोलणार होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. आपल्या पाळकाला एवढं घाबरलेलं बघणं, त्याची मला इतकी भीती वाटली की माझी भीतीच सुटली म्हणा, का तिनंच मला ढकललं म्हणा.

"नम्म पाद्री," मी म्हटलं. आमचे पाळक.

"पाद्री? तुझे?"

"होय. आमच्या चर्चचे."

सरोजम्मा माझ्याजवळ सरकल्या. मग आवाज खाली आणून, मला वाचवायला निघाल्यासारखं विचारलं, "तुझ्या आईला माहीत आहे का हे?" नाही म्हटलं असतं तर सगळं माझ्या एकटीवर आलं असतं, पोर बिघडली म्हणून. आई, बाबा, घर, सगळं वाचलं असतं. मला ते दिसत होतं.

"आम्ही सगळेच तसे आहोत, अम्मा. आधीपासून."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सरी," म्हणाल्या. बरं. आणि चालू लागल्या, नेहमीपेक्षा सावकाश.

पुढचं आधीच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, फुलं आली नाहीत. दीड महिन्यानं सरोजम्मांच्या यजमानांनी बाबांना सांगितलं, आमचा मुलगा येणार आहे राहायला. मूलबाळ नाही हे गल्लीला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं की आम्हाला माहीत आहे. बाबांनी मान डोलावली. सामान टेम्पोत चढवलं त्या दिवशी सरोजम्मा पायरीवर आल्या, माझ्या वेणीत अबोलीचा गजरा माळला आणि काही न बोलता आत गेल्या. ती माया होती की निरोप, मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्या घरावरून परवा रिक्षानं गेले, तिथं आता दातांचा दवाखाना आहे.

पण मला सांगायचंय ते त्या गुरुवारचं. सरोजम्मा गेल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "आता आलोच आहे, तर येऊ का घरी?" त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कॉलर लावली, बटण त्यांना लागेना म्हणून ते मी लावून दिलं. आम्हाला दारात बघून आई जागीच थिजली. मी एका दमात सगळं सांगितलं, सरोजम्मांचं, आणि छीसुद्धा सांगणार होते, पण ती राहिली. बाबा खाटेवर बसले. अक्का म्हणाली, "आता गं?" कुणी मला रागावलं नाही. तेच जास्त भीतीचं होतं. मग बाबा उठले आणि सवयीनं त्यांचा हात रेडिओच्या बटणाकडं गेला. आईनं तो मनगटाशी धरला.

"राहू दे," ती म्हणाली. कमरेची किल्ली काढून तिनं कपाट उघडलं आणि दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत लोटली. पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं, बारीक आवाजात. मग बाबा, अक्का, मी. त्या घरात आमचे आवाज आम्हीच पहिल्यांदा ऐकत होतो, बाबा एवढे बेसूर आहेत हे मला माहीत नव्हतं. भिंतीपलीकडं सरोजम्मांच्या स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. दुसऱ्या कडव्याला ती वाजायची थांबली. आम्ही सगळे एकदम गप्प झालो. पाळकसाहेबही. भिंतीकडं बघत नुसते उभे राहिलो. पलीकडं काहीच आवाज नव्हता.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"म्हणा की पुढं," ती म्हणाली.